दरडीतलं अस्वल: मराठवाड्यात जीवाश्म हाडं शोधणाऱ्या नवख्यांसाठी

मांजरा किंवा गोदावरीच्या काठानं उन्हाळ्यात चालताना दरडीतून हाडाचं टोक बाहेर आलेलं दिसलं, की हात आपोआप पुढं जातो. तो अर्धा तास मागं ठेवावा, म्हणून हा लेख. त्या अर्ध्या तासात काय बघायचं, काय मोजायचं, हाड काढायचं की तसंच ठेवायचं आणि ते अस्वलाचं आहे हे कशावरून ओळखायचं, ते इथं सांगितलं आहे.

अस्वलच का, हे आधी. आपल्या नद्यांच्या जुन्या गाळातून रानबैल, घोडा, हत्ती, पाणघोडा, हरणं, मगर, कासव यांची हाडं मिळाली आहेत. गोदावरीच्या गाळातल्या प्रचंड हत्तीवर पिलग्रिम या भूवैज्ञानिकानं १९०५ साली लिहिलं. त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, पैठणजवळच्या मुंगीला वाइन या भूवैज्ञानिकाला हाडांच्याच थरात अकीकाचा माणसानं काढलेला छिलका मिळाला होता. म्हणजे हत्यारं करणारा माणूस आणि ही जनावरं एकाच काठावर पाणी पीत होती. यातले पाणघोडे भारतातूनच गेले, रानटी हत्ती मराठवाड्यातून गेले. अस्वल मात्र टिकलं. किनवटच्या रानात आणि गौताळ्याच्या डोंगरात ते आजही आहे. त्यामुळे अस्वलाच्या जुन्या हाडाची तुलना करायला जिवंत प्राणी आपल्या शेजारी आहे, आणि अशी सोय फार थोड्या जीवाश्मांना मिळते.

भारतातलं याचं सर्वांत बोलकं उदाहरण आंध्रात आहे. बेतमचेर्लाजवळच्या बिल्ला सुर्गम गुहा, ज्यांना जुन्या लिखाणात कर्नूलच्या गुहा म्हणतात, १८८४-८५मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी खणल्या. तिथल्या हाडांची यादी लिडेकर यांनी १८८६मध्ये छापली. त्या यादीत आपलंच अस्वल आहे, मेलर्सस उर्सिनस. त्याच गुहांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात सुमारे दोन लाख वर्षांच्या थरांतून सस्तन प्राण्यांचे २१ प्रकार ओळखले गेले. त्यांतला एक सोडून बाकी सगळे उपखंडात आजही आहेत. युरोपात हिमयुगाच्या शेवटाकडे मोठाली जनावरं झपाट्यानं संपली. इथं बरीचशी तग धरून राहिली. कोण राहिलं, कोण गेलं आणि कुठून गेलं, हे एकेका दाताच्या नेमक्या ठिकाणावरून कळतं. ठिकाण हरवलं की तो दात फक्त दात राहतो.

कुठं बघायचं, कुठं बघू नये

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. त्या काळी पृथ्वीवर अस्वलं नव्हतीच, तेव्हा कातळात अस्वल शोधू नये. आपल्याला हवाय तो नदीचा जुना गाळ: गोदावरी, मांजरा, पूर्णा, दुधना, सिंदफणा, तेरणा, पैनगंगा यांच्या काठांची उंच दरड. तिच्या तळाशी बहुधा गोट्यांचा आणि वाळूचा थर असतो, चुनखडीनं घट्ट सांधलेला, सिमेंटसारखा. त्यावर तपकिरी-पिवळट बारीक गाळ, त्यात चुनखडीचे खडे, आणि सगळ्यात वर काळी माती. मोठी हाडं बहुतेक वेळा खालच्या गोट्यांच्या थरात किंवा त्याच्या लगेच वर मिळतात. काळ्या मातीत हाड टिकणं अवघड; ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत हाडाचा चुरा होतो.

पांढरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत तिथं होते. गावाशेजारच्या पांढरीच्या टेकाडात हाडं ढिगानं मिळतात. ती राखाडी, भुसभुशीत मातीत असतात आणि सोबत खापरं, राख, मणी, विटांचे तुकडे असतात. ते जुन्या वस्तीचं खरकटं आहे: गाय, म्हैस, शेळी, कधी शिकारीचं हरीण. तेर, पैठण, भोकरदनची पांढरी सातवाहन काळातली, दोन हजार वर्षांच्या आसपासची. तीही मोलाचीच आहे, पण तिचा हिशेब पुरातत्त्वाचा. खापर दिसलं की हात न लावता थांबा. गोट्यांच्या थरातलं हाड आणि पांढरीतलं हाड एका पिशवीत गेलं, तर दोन्हींची माहिती गेली.

गुहांचं काय? कर्नूलच्या गुहा चुनखडकातल्या आहेत. तिथं चुन्याचं पाणी हाडावर थर चढवतं आणि ते जपतं. आपल्याकडच्या नैसर्गिक कपारी बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या. त्यांत अस्वल राहतं, पिलंही घालतं, पण मेलेल्याची हाडं उघड्यावर राहून काही दशकांत झिजून जातात. अशा कपारीत मिळालेलं हाड नवं समजा. शिवाय तिथं अस्वल, तरस, साळिंदर किंवा बिबट्या प्रत्यक्ष असू शकतो. आत शिरायचं नाही.

आता एक गोष्ट मनात पक्की धरा: नदीच्या गाळात अस्वलाचं हाड दुर्मीळच असतं. अस्वल कळपानं राहत नाही, संख्येनं थोडं, आणि डोंगरउतारावर, झुडपांत मरतं. पाणवठ्यावर शेकड्यांनी येणाऱ्या रानबैलाचं हाड गाळाखाली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. वर पुराचं पाणी हाडं निवडून नेतं: फासळ्या, मणके हलके म्हणून आधी वाहून जातात, कवटी, जबडा, दात मागं राहतात. म्हणून अस्वल मिळालंच तर बहुधा सुटा सुळा, सुटी दाढ किंवा जबड्याचा तुकडा म्हणून मिळेल. शंभर हाडांत एकही अस्वल नसेल. ते शंभर नीट नोंदवले असतील, तर "नाही" या उत्तरालाही अर्थ येतो.

वेळ आणि जिवाची काळजी

चांगला काळ म्हणजे पावसाळा संपल्यावर पाणी उतरलं की कार्तिकापासून होळीपर्यंत. पुरानं दरड ताजी कापलेली असते आणि थर स्वच्छ दिसतात. एप्रिल-मेमध्ये धरणांचं पाणी खाली जातं, एरवी बुडालेले काठ उघडे पडतात. पण तेव्हा काम सकाळी दहाच्या आत आटपावं, माणशी चार लिटर पाणी जवळ असावं. सकाळचं तिरकं ऊन हाड दाखवतं, दुपारचं लपवतं.

दरडीच्या थेट खाली उभं राहू नका, वर कडेलाही नाही. वरची काळी माती उभ्या भेगांनी सुटते आणि कसलाही आवाज न करता खांबासारखी कोसळते. वाळू उपसलेल्या खड्ड्यांच्या भिंती याहून धोकादायक, कारण त्यांना पायाच नसतो. दोघांनी जावं, एकानं काम करावं, दुसऱ्यानं वर लक्ष ठेवावं. काठाची जमीन कुणाच्या तरी शेताला लागून असते. आधी त्या शेतकऱ्याला विचारा. तोच बहुतेक वेळा सांगतो की मोटारीचा पाया खणताना "दगडाचं हाड" कुठं लागलं होतं.

सोबत काय न्यायचं

वही आणि पेन्सिल (शाईची अक्षरं घामानं पसरतात), पाच मीटरचा टेप, दहा सेंटिमीटरची पट्टी, जीपीएस चालणारा फोन, खुरपं, बांबूच्या टोकदार काड्या, रंगाचे मऊ ब्रश अर्धा आणि एक इंची, हवेचा रबरी फुगा, झिपच्या पिशव्या, जाड कागदाच्या चिठ्ठ्या, कापूस, टिश्यू पेपर, जुनी वर्तमानपत्रं. पाच आणि एक मिलिमीटर जाळीच्या दोन चाळण्या. छोटी छिन्नी-हातोडी न्यायची ती आजूबाजूच्या दगडासाठी. हाडाच्या वीतभर जवळ लोखंड आणायचं नाही. लोखंडाचा ओरखडा दगडी हत्याराच्या व्रणासारखा दिसतो आणि मग पुढचा अभ्यासक फसतो.

फेविकॉल, वॉर्निश, सिमेंट घरीच ठेवा. फेविकॉल सुकताना आकसतो, हाडाचा पापुद्रा ओढून काढतो आणि नंतर पूर्ण निघतही नाही.

हात लावायच्या आधी: नोंद

पहिला फोटो दहा मीटरवरून, सगळी दरड दिसेल असा. दुसरा दोन मीटरवरून, हाड ज्या थरात आहे तो वरपासून खालपर्यंत दिसेल असा. तिसरा आणि चौथा वीतभर अंतरावरून, एक पट्टी ठेवून आणि एक पट्टी न ठेवता. पट्टीशिवायचा फोटो अनेक जण विसरतात. पट्टीखाली नेमकं काय झाकलं गेलं ते नंतर कळत नाही.

फोनवरचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच स्थळांपर्यंत लिहा. फोन चार-पाच मीटर इकडं-तिकडं दाखवू शकतो, म्हणून सोबत एखाद्या पक्क्या खुणेपासूनचं अंतर द्या: पुलाचा खांब, घाटाची पायरी, विहीर. डावा काठ की उजवा, ते प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवा आणि तसं वहीत लिहूनही ठेवा. उंची दोन मापांत घ्या, दरडीच्या माथ्यापासून किती खाली आणि गोट्यांच्या थराच्या तळापासून किती वर. नदीच्या पाण्यापासूनची उंची एकटी पुरत नाही, कारण पाणी महिन्याभरात मीटरभर खाली-वर होतं.

मग थरांचं साधं रेखाटन. चित्रकला येत नसली तरी चालेल. प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार, चुनखडी आहे का, शंख-शिंपले आहेत का. कुठं पांढऱ्या-राखाडी, पिठासारख्या मऊ धुळीचा पातळ थर दिसला, तर तो खरवडू नका. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख महाराष्ट्रातल्या नदीगाळात मिळते, अकोल्याच्या पूर्णेकाठीही ती आहे. कुकडीकाठच्या बोरीच्या राखेच्या वयावर तर बरीच वर्षं वाद झाला. अशी राख हाडाच्या वर आहे की खाली, एवढ्या एका गोष्टीवरून हाडाचा काळ बांधता येतो.

सर्वांत महत्त्वाची ओळ वहीत शेवटी लिहा: हाड जागेवर होतं की सुटं? थरात रुतलेलं ते जागेवरचं. पात्रात वाळूवर पडलेलं ते सुटं, आणि ते कुठल्याही काळातलं, कुठूनही आलेलं असू शकतं. सुट्या हाडाच्या कडा गोलसर झिजल्या असतील तर ते लांबून आलंय. कडा धारदार असतील तर शे-दोनशे मीटर वर चालत जा आणि त्याला चिकटलेल्या मातीचा रंग कुठल्या थराशी जुळतो ते बघा. म्हणूनच चिकटलेली माती धुऊन टाकायची नाही; सुट्या हाडाचा तोच एक पत्ता असतो.

हाडच आहे ना, आणि जुनंच ना?

चुनखडीत झाडाच्या मुळांभोवती पांढऱ्या नळ्या तयार होतात. नवखा माणूस दहातल्या आठ वेळा त्यांनाच हाड समजतो. तुटलेली कड भिंगाखाली धरा. हाडाला बाहेर घट्ट कवच आणि आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते. मुळाच्या नळीत एकसारखा चुना, फार तर मधे एक छिद्र. जीवाश्म लाकडात उभे धागे दिसतात.

जुनं हाड त्याच आकाराच्या ताज्या हाडापेक्षा जड लागतं, नखानं टिचकी मारली तर दगडासारखं वाजतं, तेलकट लागत नाही. रंगावर जाऊ नका. मँगेनीजमुळं शंभर वर्षांचं हाडही काळं पडतं आणि चुन्यात राहिलेलं पन्नास हजार वर्षांचं हाड पांढरंच असतं. ॲसिडचा थेंब टाकून फेस बघणं किंवा तुकडा जाळून वास घेणं हे प्रकार सांगितले जातात, पण दोन्ही टाळा. फेस चुन्याचा येतो, हाडाचा नाही, आणि जाळलेला तुकडा परत मिळत नाही.

अस्वल कसं ओळखायचं

इथं घाई नको. सुरुवात दाढेपासून करा.

अस्वल मांसाहारी गणातलं असलं तरी त्याच्या दाढा कात्रीसारख्या कापणाऱ्या नसतात. वाघ-बिबट्या-तरसाच्या जबड्यात एक मोठी पात्यासारखी दाढ असते. अस्वलाच्या जबड्यात ती बोथट झालेली आहे. त्याच्या मागच्या दाढा लांबट, सपाट, बुटक्या गोल उंचवट्यांच्या आणि वरच्या पृष्ठावर बारीक सुरकुत्या असलेल्या असतात. वरची शेवटची दाढ मागच्या बाजूला टाचेसारखी लांबत जाते. ही "टाच" लक्षात ठेवा, ती फार उपयोगी आहे.

पहिला घोटाळा रानडुकराशी होतो. त्याचीही शेवटची दाढ लांब आणि उंचवट्यांची असते. पण डुकराचे उंचवटे उंच, खोल खाचांनी वेगळे झालेले आणि एकामागं एक गर्दी केलेले, तर अस्वलाचे बुटके आणि पसरट. झिजलेल्या दाढेत फरक पुसट होतो. तेव्हा सुळा सोबत असेल तर तो बघा: डुकराचा सुळा आडव्या छेदात तिकोनी, मूळ उघडं, आयुष्यभर वाढणारा, अस्वलाचा छेद अंडाकृती, मूळ बंद आणि दिसणाऱ्या भागापेक्षा लांब. वाघ-बिबट्याच्या सुळ्यावर उभ्या बारीक खाचा असतात, अस्वलाच्या सुळ्यावर तशा ठळक खाचा नसतात. मगरीचा दात शंकूसारखा आणि बुडाशी पोकळ. एवढं पाठ केलं तर सुट्या सुळ्यांतले बहुतेक गैरसमज मिटतात.

आपल्या अस्वलाची खास खूण वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला आहे. बाकी अस्वलांना वर पटाशीचे सहा दात असतात. आपल्या अस्वलाला चारच, मधली जोडी नाही. म्हणून त्याचे एकूण दात ४२ ऐवजी ४०. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या जोरानं ओढून घेतं. टाळू रुंद आणि खोलगट असते तीही त्यासाठीच. जबड्याचं पुढचं टोक मिळालं तर भिंगानं बघा: मध्यभागी दाताची खोबणच नाही, हाड गुळगुळीत आहे, की खोबण आहे आणि दात पडून गेलाय? पहिलं असेल तर मोठी गोष्ट हाती आहे. दुसरं असेल तर वाळवी खाणारं अस्वल नव्हे. त्याच्या दाढाही इतर अस्वलांच्या मानानं लहान असतात, कारण वाळवी चावावी लागत नाही.

आकारानं फसू नका, युरोपातल्या गुहा-अस्वलाची चित्रं बघून तर मुळीच नाही. उर्सस स्पेलियस हे ते अस्वल. त्याची वरची शेवटची दाढ चार-पाच सेंटिमीटरची, कपाळ उभं चढलेलं आणि सुळ्यामागचे छोटे दात गळालेले. ते भारतात नव्हतं. आपल्याकडं वेगळी मंडळी होती: हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या थरांतलं ॲग्रिओथेरियम सिवालेन्स हे दांडगं जनावर, आणि कांगड्यातून मिळालेलं मेलर्सस थिओबाल्डी, जे आजच्या अस्वलाच्या कुळातलं मानलं जातं. नर्मदेच्या गाळातल्या एका जबड्यावरून उर्सस नमाडिकस हे नाव दिलं गेलं. मराठवाड्याच्या नद्यांचे थर शिवालिकपेक्षा फार तरुण आहेत, म्हणून अपेक्षा आजच्या अस्वलाचीच ठेवावी.

हातापायाच्या हाडांत एक गंभीर घोटाळा होतो तो माणसाशी. कातडं आणि नखं गेलेला अस्वलाचा पंजा माणसाच्या हातापायासारखा इतका दिसतो की जगभर पोलिसांनाही बोलावलं गेलंय. माणसाच्या पावलात सर्वांत जाड बोट आतल्या बाजूला. अस्वलात आतलं बोट सर्वांत बारीक आणि बाहेरचं दणकट. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला माणसात ठळक उभा कंगोरा असतो, अस्वलात तो नसतो. जनावराच्या हाडांशी तुलना सोपी आहे: गाय-हरणाच्या पायात एकच जुळलेली नळी, अस्वलाच्या पंजात पाच आखूड जाड नळ्या. तरीही माणसाचं असण्याची थोडीशी शंका आली, तर काम बंद करून पोलीस पाटलांना कळवा.

मापं व्हर्नियर कॅलिपरनं, ०.१ मिलिमीटरपर्यंत, तीनदा घेऊन सरासरी लिहा. फोटो पाच बाजूंनी. एवढ्यावरून तज्ज्ञ फोनवरही बरंच सांगू शकतात, आणि "अस्वल" असं नक्की करायचं काम त्यांच्यावरच सोडा. वहीत "बहुधा अस्वल, वरची शेवटची दाढ" असं लिहिणं हा कमीपणा नाही.

काढायचं की ठेवायचं

दरड पक्की असेल आणि पावसाळा लांब असेल, तर हाड तिथंच ठेवून कळवणं उत्तम. कारण थराचं वय काढायला वाळूचे नमुने अंधारात घ्यावे लागतात, आणि ते प्रयोगशाळेच्या माणसांनीच, त्याच जागेवरून घ्यायचे असतात. तुम्ही दरड तासून साफ केली तर ती संधी जाते.

पुढच्या पुरात जाणारच असेल तरच काढा. सुटा दात असेल तर बांबूच्या काडीनं भोवतालची माती सैल करून, मातीच्या मुठीएवढ्या गोळ्यासकट उचला, कापसात गुंडाळा. जबडा किंवा भेगाळलेलं हाड असेल तर त्याला प्लॅस्टरचं कवच घालावं लागतं. भोवती चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर माती सोडून चर काढा, म्हणजे हाड मातीच्या ओट्यावर बसलेलं दिसेल. त्यावर ओल्या टिश्यू पेपरचे तीन-चार थर द्या. हे विसरलं तर प्लॅस्टर हाडाला चिकटतं आणि काढताना दाताचं कवच सोबत येतं. दोन लिटर पाण्यात साधारण तीन किलो प्लॅस्टर ऑफ पॅरिस भुरभुरवा, ढवळत राहा, दाट ताकासारखं झालं की गोणपाटाच्या दहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या बुडवून एकमेकींना छेदत तीन थर लावा. फूटभर लांबीच्या ठोकळ्याला एवढं पुरतं. पंधरा मिनिटांत घट्ट होतं, पण तासभर थांबा. मग ओटा खालून कापून एका झटक्यात उलटा आणि उघडी बाजूही तशीच झाका. कवचावर क्रमांक, तारीख आणि "वर" अशी खूण करा. सगळ्यात जास्त हाडं इथं फुटतात: कवच ओलं असताना उचलल्यानं, नाहीतर ओटा पुरता न कापता ओढल्यानं.

भुगा होत असलेल्या हाडाला पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ देतात, १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम, ब्रशनं थेंब थेंब. ओल्या हाडावर ते पांढरं पडतं, म्हणून हाड आधी सावलीत सुकू द्या. आणि हाडाचा एक तुकडा, शक्यतो एक दात, काहीही न लावता ठेवा. रसायन शिरलेला नमुना वयमापनाला निकामी होऊ शकतो.

दाताभोवतीची दहा-पंधरा लिटर माती बादलीत भरून आणा. ती पाण्यात भिजवून एक मिलिमीटरच्या चाळणीतून अलगद धुवा, सावलीत सुकवा. उंदीर, घूस, सरडे, मासे यांचे बारीक दात आणि छोटे शंख त्यात मिळतात. भटक्या अस्वलापेक्षा हा उंदीर त्या जागेबद्दल जास्त नेमकं सांगतो, कारण तो आयुष्यभर काही मीटरच फिरलेला असतो. अर्धा किलो माती मात्र न धुता ठेवा, परागकणांसाठी.

त्यातून काय वाचता येतं

एक दात असला तरी वय निघतं. मुळावर दरवर्षी सिमेंटमचा, म्हणजे मुळाच्या कठीण आवरणाचा, एक पट्टा चढतो. पातळ छेद घेऊन ते पट्टे झाडाच्या वलयांसारखे मोजतात. एकाच जागी अगदी कोवळी आणि अगदी म्हातारी अस्वलं जास्त दिसली, तर ती जागा गुहा असावी आणि ती तिथं आपल्या मरणानं मेली असावीत. युरोपातल्या गुहा-अस्वलांचे ढीग असेच, हिवाळ्याच्या झोपेत मेलेल्यांचे. आपलं अस्वल हिवाळी झोप घेत नाही, म्हणून तसा ढीग इथं अपेक्षित धरू नये. उमेदीतल्या जनावरांची हाडं जास्त असतील तर शिकार, पूर असं काही शोधावं लागतं.

हाडावरचे व्रण भिंगाखाली आणि तिरक्या उजेडात बघा. दगडी पात्याचा व्रण अरुंद, खोल, सरळ आणि तळाशी निमुळता. तरसाच्या दाताचे खड्डे गोल आणि टोकांकडं दाटलेले. साळिंदराच्या कुरतडीत रुंद, सपाट तळाच्या समांतर पट्ट्या असतात. साळिंदर हाडं बिळात गोळा करतं, म्हणून एकाच ठिकाणी अनेक प्राण्यांची हाडं दिसली की आधी त्याचा विचार करावा. झाडाच्या मुळांनी पाडलेले नागमोडी उथळ ओघळ फार फसवे असतात आणि त्यांना कापल्याच्या खुणा म्हणण्याचा मोह आवरावा. गाळात गुरांच्या पायांखाली घासलेल्या हाडावर मात्र विस्कटलेले बारीक ओरखडे असतात.

आहार नायट्रोजन आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, कळतो. युरोपातलं गुहा-अस्वल बव्हंशी वनस्पतींवर जगत होतं, हे असंच उलगडलं. नायट्रोजनसाठी मात्र हाडातलं कोलॅजन हे प्रथिन लागतं, आणि आपल्या उन्हात ते फार टिकत नाही. त्याच कारणानं प्राचीन डीएनए आणि हाडाचं थेट कार्बन वयमापन इथं अनेकदा फसतं. शिवाय कार्बन पद्धतीची पोच सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच आहे. थंड गुहांतल्या हाडांचं नशीब वेगळं: २०१८ साली कळलं की आजच्या तपकिरी अस्वलांत गुहा-अस्वलाचा ०.९ ते २.४ टक्के अंश शिल्लक आहे. आपल्याकडं भिस्त दाताच्या कवचावर, सोबतच्या शंखांवर आणि वाळूच्या कणांवर. म्हणूनच दात तोडू-घासू नका.

आणि परिसर. पाणघोडा मिळाला तर बारमाही खोल पाणी आणि काठाला गवत. घोडा, रानबैल म्हणजे मोकळं माळरान. अस्वल म्हणजे वारुळं, फळझाडं आणि दुपारी पडून राहायला कपारी किंवा दाट झुडूप, चालत जाण्याच्या अंतरावर. हे तिन्ही एकाच थरात जागेवर मिळाले, तर नदी, माळ आणि झाडीचा डोंगर यांचं चित्र उभं राहतं. ते रंगवताना आजचं अस्वल सीताफळं खातं म्हणून तेव्हाही खात असेल, असं लिहू नका. सीताफळ आणि घाणेरी दोन्ही अमेरिकेतून आलेली, गेल्या काही शतकांतली. बोर, जांभूळ, मोह, टेंभुर्णी, उंबर यांचं नातं जुनं.

कायदा आणि सुपूर्द करणं

हाड ताजं असेल, तेलकट, वास येणारं, नख किंवा कातडं लागलेलं, तर तो जीवाश्म नव्हे. अस्वल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा दात किंवा नख जवळ ठेवणं गुन्हा आहे, गळ्यात बांधणंही. हाती आलंच असेल तर ४८ तासांच्या आत वनविभागाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावं लागतं. न उचलता फोटो काढून कळवणं त्याहून चांगलं. राखीव जंगलात आणि संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीशिवाय खुरपंही चालवू नये.

जुन्या हाडासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, नागपूरचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, नांदेडच्या विद्यापीठातला भूशास्त्राचा विभाग ही कळवायची ठिकाणं. पहिल्या पत्रात चार फोटो, अक्षांश-रेखांश, थराचं रेखाटन आणि "जागेवर" किंवा "सुटं" एवढंच असावं. समाजमाध्यमावर नेमकं ठिकाण टाकू नका. आठवड्याभरात तिथं कुदळी पोचतात.

चिठ्ठी प्रत्येक पिशवीत दोन: एक आत, एक बाहेर. त्यावर क्रमांक, नदी, गाव, काठ, थर, माथ्यापासूनची खोली, तारीख, पेन्सिलनं. ओल्या हाडाची पिशवी बंद करू नका, बुरशी धरते. दोन दिवस सावलीत उघडी ठेवून मगच झिप लावा.